बेण्याच्या मळ्यावरचं इंजिन

१

दुपारची भांडी झाली की कुरडया उलटायच्या, हे माझं काम. लग्न होऊन आल्यावर सासरची जी दोन-तीन खाती माझ्याकडे बिनविरोध आली, त्यातलं हे एक.

साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या खोल्यांची रांग अगदी शेवटची. मागे परसदार, परसदाराला लागून तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे बेण्याचा मळा. म्हणजे लागवडीसाठीचा ऊस कारखाना स्वतः जिथे वाढवत असे, तो. ‘असे’ म्हणायचं, कारण दुष्काळाचं हे लागोपाठचं दुसरं वर्ष होतं आणि मळ्यात आता काळ्या ढेकळांशिवाय काही नव्हतं. ऊस नाही म्हणून गाळप नाही, गाळप नाही म्हणून भोंगा नाही. माझं माहेर परळीचं. तिथे विजेच्या कारखान्याची घरघर कधी थांबत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते आणि आपण ती झटकून कपडे घालतो. इथल्या दुपारची शांतता मला सुरुवातीला उपचार थांबवलेल्या घरासारखी वाटली.

त्या दुपारी कुरडया उलटायला गेले तर त्यांच्यावर तेलाचे थेंब होते. अगदी बारीक, पिवळसर. बाजेच्या एका कोपऱ्यातून आत शिरून दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडलेली थेंबांची एक रेघ, आणि ती सरळ नव्हती. कोयत्यासारखी वाकलेली होती. बोटाला लावून वास घेतला. एरंडेल. आणि त्याच्याखाली दवाखान्यात येतो तसला गार, गोडसर वास.

"अंजना!" शेजारच्या उमाबाई त्यांच्या परसातून ओरडल्या. त्यांच्या घरचं कॉलनीत किराणा दुकान आहे, त्यामुळे त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला दुरून बोलावण्याइतका मोठा. "तुज्या सासऱ्यानं पुन्हा इमानं काढली का गं? ये, माजी चादर बघ!"

त्यांच्या दोरीवरच्या चादरीवरही तशीच रेघ होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आवाज ऐकून दारात आल्या. त्यांनी रेघ पाहिली आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग उमाबाईंना म्हणाल्या, "कावळ्यानं काही आणून टाकलं असंल. आण ती चादर, धुऊन देते." पाणी दिवसाआड टँकरनं येत असताना चादर धुऊन देणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

आत आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "मामांना सांगू नको."

२

मामा म्हणजे माझे सासरे, अर्जुनराव. तरुणपणी विमानदलात फिटर होते, नंतर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलायचे कमी. घरात बोलणाऱ्या बाया दोन असल्यावर त्यांना फारसा वावही नव्हता. पण मागच्या खोलीतल्या बाकड्यापाशी गेले की वेगळे व्हायचे.

त्या खोलीत त्यांची इंजिनं होती. विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या छोट्या नमुन्यांना लावतात ती, चाळीस-पन्नासच्या सालातली. काही साहेबांच्या देशातली, काही कलकत्त्याची. एकेक इंजिन एवढंसं, की मुठीत धरलं तर बोटं मिटतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तेलकट फडक्यांत गुंडाळून ठेवलेली.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून एक हातावर ठेवलं होतं. "ह्याला प्लग न्हाई, बटन न्हाई. ईथर, एरंडेल आन् रॉकेल घालायचं, वरचा स्क्रू आवळायचा आन् पंख्याला बोटानं झटका द्यायचा. लागलं की लागलं. मंग टाकीतलं सरंस्तवर थांबत न्हाई."

"मधेच बंद करायचं असलं तर?"

ते हसले. "पहिल्यांदा कुनी हे इचारलं. बाकीचे इचारतात, जातंय किती जोरात."

कुरडयांच्या दुसऱ्या दिवशी मी ती खोली झाडायला गेले. मामा रोजच्यासारखे जेवून बाहेर पडले होते. वर्कशॉपच्या सावलीत गप्पा मारायला जातात, असं आत्याबाई सांगत. डबा बाकड्यावर होता. झाडताना सरकवला आणि हात मागे घेतला.

डब्याची एक बाजू भाजत होती.

उन्हाळा आहे, वर पत्रे आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकले आहे, पत्रा तापतो एवढं कळतं. पण डबा उघडला तर बाकीची इंजिनं नुसती कोमट होती. एकच, कोपऱ्यातलं, लाल डोक्याचं, चुलीतून काढल्यासारखं तापलं होतं. फडकं त्याच्याभोवती करपून तपकिरी झालं होतं. ईथरची बाटली मी उचलून पाहिली. बूच वाळून चिकटलं होतं, आत काही नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. कुंभारमाशी खिडकीच्या कोपऱ्यात घर बांधताना करते तसा, पण मोठा. तो जवळ आला, भिंतीपलीकडून गेला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. मी खिडकीशी गेले. मळ्यावर ऊन थरथरत होतं. आकाशात घार नव्हती, कागद नव्हता, काही नव्हतं.

आवाज पुन्हा भिंतीवरून गेला. खिडकीच्या गजावर एरंडेलाचे दोन थेंब पडले.

३

आत्याबाईंना मी संध्याकाळी तूर निवडताना गाठलं. हातात काम असलं की त्यांना खोटं बोलता येत नाही, हे माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं.

"लाल डोक्याचं इंजिन एकच आहे का हो?"

त्यांनी सूप थांबवलं. "जोडी होती. एक ऱ्हायलं."

मग सांगितलं. तीन हंगामांपूर्वी, पाऊस बरा असताना, मोळी टाकायचा कार्यक्रम होता. गाळपाच्या पहिल्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या हस्ते उसाची पहिली मोळी टाकतात, मांडव असतो, जेवण असतं. त्या वर्षी मामांना सांगितलं होतं की साहेब येईपर्यंत लोकांना विमान उडवून दाखवा. वजनकाट्यामागच्या यार्डात मामा मधे उभे. हातात हँडल, हँडलपासून पोलादाच्या दोन बारीक तारा, तारांच्या टोकाला विमान. उडवणारा मधे गोल फिरतो, विमान त्याच्याभोवती फिरतं. मनगट वर केलं की वर जातं, खाली केलं की खाली.

"लई देखनं उडत होतं बाई. पोरं तर येडी झालती. आन् तेवढ्यात चेअरमनसायबाची जीप आली."

"मग?"

"मंग काय. आयुष्यभराची सवय. साहेब दिसले की ह्यांनी दोनी हात जोडले."

मला हसू आलं, आणि ते त्यांच्या तोंडाकडे बघून गेलं.

"हँडल सुटलं. तारा लोंबत घेऊन ते इमान मांडवाकडं चाललं. बायका, लेकरं समदी तिथं. मंग काय झालं देव जानं, मधीच वळलं, आन् बेन्याच्या उसावरून पलीकडं गेलं. कुनाला काय लागलं न्हाई. साहेब बी हसले. पन ह्यांनी जेवन केलं न्हाई त्या दिवशी." त्यांनी सूप पुन्हा हलवलं. "ऊस तुटला, मळा नागवा झाला, तरी सापडलं न्हाई. ढेकूळ अन् ढेकूळ बघितलं. कुनी म्हनलं, पोरांनी नेलं. हे म्हनतात, खालीच आलं न्हाई."

"तुम्हाला आवाज येतो का, दुपारी?"

"मला काय बी येत न्हाई," त्या म्हणाल्या. सुपातली तूर मात्र जमिनीवर पडली.

४

दुसऱ्या दिवशी मामा पाण्याची बाटली विसरून गेले. ती घेऊन मी वर्कशॉपकडे गेले. वर्कशॉपला कुलूप होतं, आणि कुलपावर कोळ्यानं जाळं केलं होतं.

मामा यार्डात होते. भर उन्हात, एकटे, टोपीशिवाय. उजवा हात छातीसमोर लांब करून, मूठ वळून, हळूहळू डावीकडे गोल फिरत होते. मुठीत काही नव्हतं. पायांखालची धूळ पिठासारखी झाली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण फिरायचं थांबवलं नाही.

"बाटली तितं ठेव पोरी. हात लागंना अजून. जवळून जातंय, पन हातात येईना."

"काय, मामा?"

ते उत्तर देणार होते. त्याऐवजी गुडघ्यावर आले, आणि मग आडवे.

माझ्या ओरडण्यानं उमाबाईंचे मालक, चन्नप्पाकाका, दुकान उघडं टाकून पळत आले. तेलगावच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की हे महिनोन्महिने ऊन घेतलेलं अंग आहे. या वेळी वाचले. पुन्हा असं ऊन लागलं तर मला बोलावू नका, उपयोग होणार नाही.

५

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. आमचे हे, राधाकिशन, कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय. उसाच्या नोंदी घेत शेतोशेत फिरणं हे त्यांचं काम, पण ऊसच नसल्यामुळे त्यांना पाण्याच्या टँकरवर बसवलं होतं. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेला माणूस. त्यांनी मागच्या खोलीतून डबा आणला आणि पोत्यात टाकला.

"आप्पा, ही आडात टाकायलोय मी. लई झालं."

"टाक," खाटेवरून मामा म्हणाले. "आडात पानी न्हाई. वाजंल नुसतं."

"तुमाला मरायचंय का?"

"न्हाई बे. मला ते खाली आनायचंय."

"काय खाली आनायचंय? काय बी न्हाई तितं!"

"मंग तुज्या आईच्या कुरडयावर तेल कोन सांडायलंय? मी?" मामा कोपरावर उठले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नव्हतं. मामांना आधीपासून माहीत होतं. "किसन, जरा डोकं लाव. तार सुटलेलं इमान सरळ जातंय, पडतंय. गोल फिरत न्हाई. गोल कवा फिरतंय? मधी कुनी धरलेलं असलं तरच."

मामांनी खाटेची कड धरली.

"मी सोडलं. मांडवावर जायचं ते मधीच वळलं. म्हंजी उसात कुनीतरी व्हतं. ज्यानं त्या लोंबत्या तारा धरल्या. आन् त्याला कुनी सांगितलंच न्हाई, की बाबा, आता सोड." त्यांचा आवाज बारीक झाला. "अजून उभं हाय ते. माझ्या जागी. मी उन्हात पडलो तर मला सलाईन लागलं. त्याला कोन लावायलंय?"

ह्यांनी पोतं खाली ठेवलं. डबा परत जागेवर नेला, पण मामांच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि मला म्हणाले, "दुपारी उघडू नको. तुझ्यावर हाय आता."

असं आणखी एक खातं माझ्याकडे आलं.

६

मला रात्रभर त्यांचं एकच वाक्य आठवत राहिलं. जवळून जातंय, पण हातात येत नाही. मामा यार्डात उभे राहतात, कारण तिथे त्यांच्या हातून ते सुटलं. पण धरणारा तिथे कुठे होता? तो उसात होता.

भुतांवर माझा विश्वास नव्हता. वर्तुळांवर होता. वर्तुळावरचे तीन बिंदू मिळाले की मध्य काढता येतो, हे नववीत आम्हाला घोकून घेतलं होतं. त्याचा मला संसारात उपयोग होईल असं आमच्या बाईंनाही वाटलं नसणार.

आमच्या बाजेवर एक रेघ होती. उमाबाईंच्या चादरीवर दुसरी. रांगेच्या टोकाला बायनाबाईंनी पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. "मिरच्यांना चकाकी कशानं आली गं?" असं त्याच मला विचारत होत्या. मी सुतळीचा गुंडा घेतला, शेजारशेजारच्या दोन-दोन रेघांच्या बरोबर मधे खुंट्या ठोकल्या आणि तिथून काटकोनात मळ्याकडे सुतळ्या ताणल्या. उमाबाई आणि बायनाबाईंनी काय करतेस विचारलं, तर म्हटलं, दोन परसांच्या मधे कुंपण घालायचं माप घेतेय. नव्या सुनेचा कामसूपणा पाहून त्या दोघी आपापल्या कामाला लागल्या.

दोन्ही सुतळ्या नजरेनं पुढे नेल्या तर तारेच्या कुंपणापलीकडे एकमेकींना मिळत होत्या, बेण्याच्या मळ्यात.

मी कुंपणातून वाकून पलीकडे गेले. मळ्यातली जमीन अशी फाटली होती की भेगांत हात जाईल. सगळीकडे ढेकळं. आणि सुतळीनं दाखवलेल्या जागी, सुपाएवढी एक जागा गुळगुळीत होती. सारवल्यासारखी. चारी बाजूंच्या भेगा तिच्यापाशी येऊन थांबल्या होत्या. पायांनी घासून, दाबून, पुन्हा घासून झालेली जागा.

दुपार चढत होती. आवाज सुरू झाला. इथे तो जवळ येत किंवा लांब जात नव्हता. माझ्याभोवती फिरत होता.

त्यातच आणखी एक बारीक आवाज होता. बांगड्यांचा. किणकिण, थांबून किणकिण, फिरणाऱ्या पावलांच्या ठेक्यात. माझा चुडा नवा, हातभर हिरव्या बांगड्या, तो सारखा वाजायचाच. मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले.

किणकिण चालूच राहिली. हातभर अंतरावर. आणि कुणीतरी धापा टाकत होतं.

मी कुंपणाकडे पळाले. तारेत साडी फाटली ते घरात येऊन पाणी पिताना कळलं. आत्याबाईंनी तांब्या माझ्या हातातून घेऊन पुन्हा भरून दिला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले आणि उन्हाचे परिणाम आठवायला लागले. भ्रम, कानात आवाज, घशाला कोरड. सगळं जमत होतं. एकच जमत नव्हतं. भ्रम झालेल्या माणसाला त्या भ्रमाची दया येत नसावी.

मी उठले आणि मामांच्या दाराची कडी काढली.

७

"बाई आहे ती," मी म्हणाले.

मामांनी डोळे मिटले आणि उघडले. मग भिंतीवरची टोपी मागितली.

आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता कॉलनीभर आरडाओरडा. त्यांनी माझ्या फाटक्या साडीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि छत्री आणून माझ्या हातात दिली. "ह्यांना फिरू देऊ नको. तू फिर. ह्यांनी नुसतं सांगायचं." म्हणजे आवाज त्यांनाही येत होता.

मामा माझ्या खांद्यावर भार टाकून मळ्यात आले. मी त्यांना ढेकळांवर बसवलं, डोक्यावर छत्री दिली. आवाज आमच्याभोवती फिरत होता. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं, आणि पहिल्यांदाच मला ते विमानदलातले दिसले.

"दमलंय बेनं. पन चालतंय. आता ऐक. हँडल बदलायचं म्हंजी पाठीला पाठ लावायची, तिच्यासंगं फिरायचं. डावीकडं. दोगींची पावलं एक झाली की उजवा हात तिच्या हाताला लावायचा. तिनं सोडायच्या आत तू धरायचं. आन् मागं बघायचं न्हाई. बघितलं की घेरी येती, आन् दोगीबी पडता."

पदर खोचला. गुळगुळीत जागेच्या कडेवर पाठमोरी उभी राहिले आणि एक पाऊल मागे टाकलं.

पाठीला पाठ लागली.

तापलेली, घामानं भिजलेली, हाडकुळी पाठ. चोळीची गाठ मला माझ्या कण्यावर जाणवली. माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही, एवढंच माझं कर्तृत्व. ती पाठ फिरत होती. मी तिच्याबरोबर फिरायला लागले. एक फेरा चुकला, दुसऱ्यात ठेच लागली. मग पावलं जुळली.

"हात!" मामा ओरडले.

मी उजवा हात वर नेला. नजर समोर ठेवायची होती, पण कडेनं दिसायचं ते दिसलंच. माझ्या हाताशेजारी एक हात. उसाच्या पात्यानं कापलेल्या बारीक रेघांनी भरलेला, काही रेघा ओल्या. मनगटावर बांगड्या. हिरव्या. माझ्यासारख्याच, नव्या.

माझ्या मुठीत लाकडी हँडल आलं. गरम, घामट. आणि त्याच क्षणी कुणीतरी हिसका दिल्यासारखा खांदा ओढला गेला. पाठीमागचा भार सुटला, मी जवळजवळ पुढे पडले.

"सोडू नको! मनगट सैल, खांदा घट्ट! फिरत ऱ्हा!"

हँडलच्या पुढे मला काही दिसत नव्हतं. पण काहीतरी ओढत होतं. जिवंत, हट्टी, वासराच्या दाव्यासारखं. मनगट किंचित वर केलं तर आवाज वर गेला. खाली केलं तर ढेकळांवरून धूळ उडाली.

"तिला सपाट उडवायचंच ठावं व्हतं," मामा म्हणाले. "तू वर ने. सरळ डोस्क्यावर. टाकी मागं कलली की तेल तुटंल, इंजिन बंद पडंल."

८

नेमका तेव्हाच टँकर आला. मळ्याकडेच्या गाडीवाटेनं, आणि त्याच्या मागे चेअरमनसाहेबांची जीप. पाण्याची पाहणी होती त्या दिवशी, हे मला नंतर कळलं. मला फिरता फिरता तुकड्यातुकड्यानं दिसलं: टँकर, जीप, टाकीवर बसलेले आमचे हे, पांढरे कपडे, पुन्हा मोकळा मळा, पुन्हा टँकर. कॉलनीतली माणसं कुंपणाशी जमली. साहेब खाली उतरले तसे सगळ्यांचे हात आपोआप जुळले. चन्नप्पाकाकांचे, उमाबाईंचे, टँकरच्या ड्रायव्हरचे.

त्यांना काय दिसलं असेल ते मी समजू शकते. खोचलेल्या पदराची, उघड्या डोक्याची एक नवी सून, रिकामी मूठ आभाळाकडे करून भर उन्हात गरगर फिरतेय, आणि सासरा छत्रीखाली बसून हुकूम सोडतोय.

"काय अर्जुनराव!" साहेब हसत म्हणाले. "सूनबाईला काय शिकवायलात?"

हँडल भयंकर ओढत होतं. विमान वर चढत होतं आणि माझे पाय जमिनीवरून सुटतील असं वाटत होतं. "मामा," मी ओरडले, "मला एकटीला जमत नाही!"

पुढच्या फेऱ्यात मला मामा उभे राहिलेले दिसले. छत्री पडली होती. त्यांचे दोन्ही हात छातीपाशी आले होते, पंजे एकमेकांकडे वळले होते. आयुष्यभराची सवय.

त्याच्या पुढच्या फेऱ्यात ते दिसले नाहीत. ते माझ्या मागे होते. त्यांचे दोन्ही पंजे माझ्या खांद्यांवर होते, आणि ते माझ्याबरोबर फिरत होते.

"थांबा जरा, साहेब," माझ्या डोक्यावरून ते म्हणाले. "आत्ता हात मोकळे न्हाईत."

कारखान्याच्या इतिहासात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलं नसावं.

आम्ही दोघांनी मिळून ते वर नेलं. आवाज थेट डोक्यावर आला, चिरका झाला, अडखळला, पुन्हा लागला. मामांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मग एक खोकला. आणि शांतता.

"आता हळू उतरव. निजवतात लेकराला, तसं."

हँडल हलकं हलकं होत गेलं. समोरच्या ढेकळांवर धुळीची एक बारीक रेघ उमटत गेली, वळली, संपली. मुठीतली तार सैल पडली, आणि मग मूठही रिकामी होती. तळव्यावर फक्त हँडलचा लाल वळ.

"काय बंद पडलं?" जीपचा ड्रायव्हर म्हणाला आणि वाकून आपलं इंजिन बघायला लागला. साहेब मात्र त्या धुळीच्या रेघेकडे बघत होते. ते हसत नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

९

मला उभं राहता येईना. मळा फिरत होता. मामा आणि मी शेजारी शेजारी ढेकळांवर बसलो. ते रडत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याला ते शोभत होतं. "किसन," त्यांनी हाक मारली, "भूक लागली बे मला. तुज्या आईला सांग, पिठलं टाक."

हे टँकरवरून उतरून कळशी भरून आले. माझा पदर काढून त्यांनी माझ्या डोक्यावर घातला, मग काय वाटलं कोण जाणे, परत खांद्यावर सरकवला. "पी. सावकाश."

मी कळशी तोंडाला लावणार, एवढ्यात गाडीवाटेच्या बाजूला किणकिण झाली. कोणी तरी ढेकळांतून चालत निघालं होतं. पावलं अडखळत होती, माझ्यासारखीच घेरी आलेल्या माणसाची. पण दिशा पक्की होती. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या हंगाम संपला की त्याच वाटेनं गावाकडे परततात. टोळीत एखादं माणूस कमी भरलं तर पुढच्या कारखान्यावर गेलं असेल, असं धरतात.

मामांनीही मान वळवली होती. "अगं," ते म्हणाले, "एवढा येळ उभी ऱ्हायली, आन् आपन तिला पानी बी इचारलं न्हाई."

मी उठले. पाय जागेवर पडत नव्हते, पण गेले. वाटेच्या कडेला बांगड्या थांबल्या होत्या. मी विचारलं, "पाणी घेता का?" मी कळशी तिरपी केली, ओंजळीत ओततात तितक्याच उंचीवरून.

"सांडायलीस कावून?" हे मागून म्हणाले, आणि मग जवळ येता येता थांबले.

धार पडत होती. घोटांचा आवाज येत होता, घाईघाईचा, मग सावकाश. कळशी माझ्या हातात हलकी होत गेली. मी शेवटचा थेंब पडेपर्यंत ओतत राहिले, आणि खालची काळी माती कोरडीच राहिली.